नलूताईंच्या नावावर घेतलेल्या सह्या

करी रोडच्या आमच्या चाळीत वकील कुणी नाही, पण नलू परब आहेत. गिरणीच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. गिरणी गेली, वाचायची सवय राहिली. बँकेचा फॉर्म असो की हॉस्पिटलचा कागद, लोक आधी त्यांच्या दारात. त्या ओळ न् ओळ वाचणार, लिहिणाऱ्याला शिव्या घालणार आणि पटलं तर शेवटच्या पानावर, सहीच्या जागेजवळ, निळ्या पेन्सिलीने बारीक खूण करणार. ती खूण दिसली की माणूस बिनधास्त सही करतो. तीस वर्षं हेच चाललंय. फी काही नाही, उलट चहा त्याच पाजतात.

पुनर्विकासासाठी आलेल्या सल्लागार कंपनीने हे बरोबर हेरलं. त्यांचा माणूस अवधूत. गोड बोलणारा, दर दोन वाक्यांनी 'ट्रस्ट' म्हणणारा. संमतीपत्र घेऊन तो थेट नलूताईंकडे गेला. दहा पानं. ताईंनी दोन दिवस वाचली, चार ठिकाणी भांडून बदल करून घेतले. चौथ्या पानावर स्पष्ट होतं : नवीन घर याच जागेवर.

"बासष्ट प्रती कुठे तपासत बसता ताई? या एकीवर खूण करा, बाकी आम्ही झेरॉक्स काढतो," अवधूत म्हणाला.

ताईंनी केली. इथेच चुकल्या.

आठवड्याभरात बासष्ट घरांच्या सह्या झाल्या. मग एका दुपारी कमळाबाईंची सून रुपाली आपली प्रत घेऊन आली. "ताई, हे 'कंपनी ठरवेल त्या ठिकाणी' म्हणजे कुठे हो?"

ताईंनी पान बघितलं. चौथंच. शेवटचं पान त्यांच्या खुणेचं, आतली पानं भलतीच. नालायकांनी एका बाईची तीस वर्षांची पुण्याई झेरॉक्स मशीनवर ठेवली आणि बटण दाबलं!

मी तिथेच चहा पीत होतो. म्हटलं, "ताई, तुम्ही बसा. कंपनीला मी बघतो."

"तू बघ रे. पण लोकांनी सह्या कंपनीकडे बघून केल्या नाहीत."

खबर लागताच अवधूत धावत आला. "टायपिंग मिस्टेक आहे ताई, करू दुरुस्त. पण चाळभर बोललात तर तुमचंच नाव जाईल. विचार करा."

बघा हरामखोरी! चोरी यांनी करायची आणि अब्रूची भीती हिला घालायची.

"माझ्या नावाची काळजी तुला?" ताई म्हणाल्या. "उठ. चप्पल घाल आणि चालायला लाग."

त्याच संध्याकाळी गुडघे धरत त्या चारही मजले फिरल्या. प्रत्येक दारात एकच बोलणं : "मी एकच प्रत वाचली. तुमची वाचली नाही. चूक माझी. सही मागे घ्या, पत्र मी लिहून देते."

कमळाबाई रडायलाच लागल्या. "तुझी खूण बघलंय म्हणान सही केलंय गो माझे बाये!"

राजेशने दारातच विचारलं, "किती घेतलेस त्यांच्याकडून?" लहान असताना याच्याच शाळेचे फॉर्म ताईंनी भरले होते. मी त्याची गचांडी धरणार होतो, ताईंनी हात धरला. "विचारू दे. त्याचं घर आहे."

एक्केचाळीस जणांनी सह्या मागे घेतल्या. काम अडलं. घरं सध्या तरी वाचली. पण ताईंच्या दारात आता कागद येत नाहीत. लोक दादरला वकिलाकडे जातात. जिन्यात भेटले तर "बरं आहे ना?" म्हणून पुढे सटकतात. आणि कंपनी? तिचं काय गेलं? नवं नाव, नवी पाटी. गेल्या महिन्यात तोच अवधूत गिरगावातल्या एका वाडीत सभा घेणार असल्याचं कळलं. माझं डोकंच फिरलं. मी चार पोरं जमवायला निघालो, तर ताई नेसून तयार.

सभेत अवधूत 'विश्वास' या विषयावर रंगात आला होता. ताई मध्येच उभ्या राहिल्या. तो पांढराफटक पडला.

"तुम्ही कोण, बाई?" वाडीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"मी नलू परब. करी रोडला लोक जिच्या भरवशावर फसले, ती मी. कसं फसवलं ते सांगायला आलेय. दहा मिनिटं लागतील."

अध्यक्षांनी अवधूतच्या हातातला माइक काढून घेतला.