घरगुती कारणास्तव

माझ्या नोकरीची शेवटची वर्षं दिल्लीत गेली, मुख्यालयातल्या एका शाखेत. खांद्यावर कर्नलचा हुद्दा होता, पण दिवसभर मी जे करायचो ते कुठल्याही सरकारी कचेरीतला हेडक्लार्क करतो. फाईल वाचायची, शेरा मारायचा, वर पाठवायची. माझ्याकडे येणाऱ्या फायली वेळेआधी नोकरी सोडू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या असत. फौजेत त्याला 'पेपर टाकणं' म्हणतात. कुणी पेपर टाकले की त्याच्याशी बोलायचं, जमलं तर त्याचं मन वळवायचं आणि अर्ज पुढे सरकवायचा, एवढं माझं काम.

एका एप्रिलमध्ये आमच्या ब्रिगेडियर साहेबांनी मला आत बोलावलं. ते माझे थेट वरिष्ठ. माणूस वाईट नव्हता. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा स्वतः येऊन दोन तास बसले होते. पण त्यांची बढती तोंडावर आली होती, आणि तेव्हापासून ते काच घेऊन चालल्यासारखे चालत.

"ये मेजर तुम्हारी तरफ का है," अर्ज माझ्याकडे सरकवत ते म्हणाले. "नागपूर का. अच्छा अफसर है यार, और देखो क्या लिख के भेजा है."

अर्जात कारणाच्या जागी लोक एक ओळ लिहितात. आई-वडिलांचं वय, बायकोची नोकरी, मुलांची शाळा. याने दीड पान लिहिलं होतं. वरिष्ठांना जे बघायला आवडतं ते उभं करण्यातच माझा आणि माझ्या जवानांचा बहुतेक वेळ जातो, जे खरं आहे ते सांगितलं तर ऐकून घेणारं कुणी नाही, आणि मला आता हे करायचं नाही, असा त्याचा मतलब. भाषा सभ्य होती. चीड कुठेच नव्हती, म्हणूनच वाचवत नव्हतं.

"समझाओ उसे," ब्रिगेडियर म्हणाले. "नहीं समझा, तो कम से कम ये बदलवा दो. पर्सनल रीझन लिख दे, मैं उसी दिन आगे भेज दूँगा. ये ऐसे ऊपर गया तो सवाल मुझसे पूछे जाएँगे."

मेजर जवळच्याच इमारतीत काम करत होता. मी त्याला ऑफिसात बोलावलं. तिशी नुकतीच ओलांडलेला, उन्हाने रापलेला, खुर्चीच्या कडेवर बसणारा. मी मराठीत बोलायला लागलो तरी तो इंग्रजीतच "येस सर, नो सर" करत राहिला. अशाने त्याच्याकडून काही निघणार नाही हे मला कळलं. पुढच्या आठवड्यात बुद्धपौर्णिमा होती. मी म्हणालो, "घरी ये. खीर खायला."

कॅन्टोन्मेंटमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये त्या दिवशी कूलरही गरम हवा टाकत होता. त्याने दारातच बायकोला "गुड ईव्हनिंग, मॅम" म्हटलं. ती म्हणाली, "मॅम ऑफिसर्स मेसमध्ये. इथे वहिनी म्हण." तो हसला, आणि त्यानंतर खुर्चीत नीट टेकून बसला. त्याची आई नागपूरला शाळेत शिकवायची आणि खिरीत जायफळ घालायची, हे त्याने आपणहून सांगितलं. दुसरी वाटी झाल्यावर मी विचारलं, "नेमकं झालं काय?"

त्याने वाटी खाली ठेवली.

"सर, माझी कंपनी वर होती, बर्फात. एक मोठे पाहुणे येणार होते. त्यासाठी आम्ही सगळं केलं. हेलिपॅड साफ केलं, दगडांना चुना लावला, नवा नकाशा रंगवला. ते मी कधीपासून करतोय, त्याचं काही नाही. माझ्या कंपनीत एक गढवाली कुक होता. त्याच्या हातचे गुलाबजाम फार छान. वरून निरोप आला की पाहुण्यांना गोड आवडतं, कुकची सुट्टी थांबवा. त्याच्या बहिणीचं लग्न होतं, सर. वडील नाहीत. हाच मोठा."

"मग?"

"मी फोन केला. म्हटलं, दुसऱ्याकडून करून घेतो. तर म्हणाले, भेट होऊ दे, मग लगेच सोड. हवामान बिघडलं, भेट पुढे गेली. परत तयारी. परत पुढे गेली. मी आणखी एकदा फोन केला, तेव्हा मला सांगितलं, तुम इमोशनल हो रहे हो. शेवटी मी माझ्या जबाबदारीवर त्याला सोडलं, पण तोवर बर्फ पडून रस्ता बंद झाला होता. बहिणीच्या पाठवणीच्या वेळी तो माझ्यासमोर चुलीशी उभा होता."

माझी मुलगी बारावीत. दिल्लीतच वाढलेली. तिने हळूच विचारलं, "पाठवणी म्हणजे?"

"बिदाई," बायको म्हणाली.

"अच्छा," ती म्हणाली. मग विचारलं, "और वो गेस्ट?"

"आलेच नाहीत," मेजर म्हणाला. "गुलाबजाम झाले होते. कुणी हात लावला नाही. शेवटी कुकनेच प्रत्येकाच्या ताटात वाढले. म्हणाला, खा लो साहब, शादी के समझ के. वर्षअखेरीला माझ्या गोपनीय अहवालात एक वाक्य आलं, व्यवहारचातुर्य कमी आहे."

बायको उठून आत गेली आणि पाण्याचा जग घेऊन आली, टेबलावरचा जग भरलेला असताना.

त्याला सोडायला मी फाटकापर्यंत गेलो. मन वळवायचं माझं काम बाकी होतं. म्हणालो, "सगळे सारखे नसतात. दुसरीकडे बदली झाली की वेगळा कमांडर मिळेल."

"तुम्हाला मिळाले, सर?"

दोन-तीन खरोखर चांगले मिळाले होते, आणि त्यांच्यासाठीच मी टिकलो. तेही त्याला सांगितलं. मग त्या दुसऱ्यांचंही सांगितलं. कॅप्टन असताना एका तपासणीच्या वेळी माझ्याकडे फुलांच्या कुंड्यांचं काम होतं. कुंड्या एकाच कंपनीपुरत्या होत्या. पाहुणे पुढच्या रस्त्याने जात आणि आम्ही मागच्या रस्त्याने त्याच कुंड्या ट्रकमधून पुढच्या कंपनीत नेऊन मांडत असू. पाहुण्यांनी प्रत्येक ठिकाणी झेंडूचं कौतुक केलं. संध्याकाळी मेसमध्ये आम्ही पोट धरून हसलो होतो. मेजरही हसला, पण लवकर थांबला.

"तुम्ही हसू शकलात, सर," तो म्हणाला. "मला आता हसू येत नाही."

अर्ज मी होता तसा पुढे पाठवला. खाली लिहिलं की अधिकारी विचारपूर्वक निर्णयाला आला आहे, कारण खरं आहे, आणि त्याला सोडावं. ब्रिगेडियर साहेबांनी मला बोलावलं नाही. अर्ज एका चिठ्ठीसह परत आला: अधिकाऱ्याशी पुन्हा चर्चा करावी. मी पुन्हा पाठवला. मग काही कागद कमी असल्याचं निघालं. ते जोडले. मग कायदेशीर बाजू तपासायची ठरली. पावसाळा गेला. एकदा कॉरिडॉरमध्ये ब्रिगेडियर मला म्हणाले, "यार, तुम भी?" रागावून नव्हे. मी आजारी आहे असं कुणी सांगितल्यासारखं.

मेजरची बायको गुरुग्रामला आयटी कंपनीत होती, आणि त्यालाही तिथल्याच दुसऱ्या एका कंपनीत नोकरी मिळत होती. ती कंपनी किती थांबणार? दिवाळीच्या आधी तो माझ्याकडे आला. नवा अर्ज टाईप करूनच आणला होता. कारणाच्या जागी एकच ओळ: घरगुती कारणास्तव.

"राहू दे," मी म्हणालो. "मी अजून एकदा पाठवतो. या वेळी अर्जाबरोबर मी स्वतः जातो."

"नको, सर. तुमची अजून नोकरी आहे. आणि खरं सांगू? मी थकलोय. माझं कारण त्यांनी वाचलं, तेवढं पुरे."

वाचलं असेल का, मला माहीत नव्हतं. मी सही केली. ब्रिगेडियर साहेबांनी शब्द पाळला, अर्ज त्याच दिवशी पुढे गेला.

त्या हिवाळ्यात वरिष्ठांसमोर आमच्या शाखेचं सादरीकरण झालं, तरुण अधिकारी नोकरी का सोडतात यावर. स्लाईड्स मीच केल्या होत्या, आणि सुधारून सुधारून त्यांत घरगुती कारणं सर्वांत वर आली होती. बोलताना मी थांबलो आणि म्हणालो, "सर, यांतल्या काहींनी दुसरं कारण आधी लिहिलं होतं. आम्ही ते बदलून घेतलं." टेबलाच्या टोकाला बसलेल्या जनरल साहेबांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गुड पॉइंट. नोट करो." कुणीतरी नोट केलं. पुढची स्लाईड आली, मग चहा आला.

मला कुणी शिक्षा केली नाही, हे सांगायला हवं. बढतीच्या यादीत मी नव्हतो, पण मी तसाही नसतोच. ब्रिगेडियर साहेबही नव्हते. ते त्यांना फार लागलं. एवढं जपून चाललेला माणूस, त्यांना कुठे काय चुकलं हेच कळेना. माझ्याआधी ते निवृत्त झाले. मी पुढच्या वर्षी झालो आणि आम्ही द्वारकेला फ्लॅट घेतला, कारण मुलगी दिल्ली सोडायला तयार नव्हती.

तिथे एके सकाळी ब्रिगेडियरांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले. नातू झाला होता. मग जरा घुटमळून म्हणाले, "वो जो तुम्हारा मेजर था ना, गुडगाँव में... सुना है अच्छी जगह पर है. मेरे लिए कुछ देख सकता है क्या? घर बैठा नहीं जाता, यार."

मी नंबर दिला. मग मेजरला फोन करून आधीच सांगितलं, तुला नको असेल तर उचलू नकोस.

त्याने उचलला. भेटलाही, आपल्या कंपनीच्या गोदामांची सुरक्षा बघणाऱ्या माणसाशी त्यांची गाठ घालून दिली. रविवारी तो बायकोला घेऊन आमच्याकडे आला तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाले?"

"माझ्या अर्जाचं काही नाही बोलले. बायोडेटा दाखवला. फार मोठा होता, सर, मी म्हटलं एका पानात करा. त्यांनी तिथेच बसून माझ्याकडून तो छोटा करून घेतला." मग म्हणाला, "बूट चकचकीत पॉलिश केले होते. मला कसंतरी झालं."

बायकोने जेवायला हाक मारली, आणि आम्ही उठलो.