न फोडलेला नारळ

चौक गावी हमरस्त्यालगत त्या मिस्त्रींचे गॅरेज होते. काहीही विचारले तरी ते इंजिनाला कान लावून एवढेच म्हणत, "बगू." आमच्या चिरंजीवांच्या टॅक्सीचे पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसविण्याचे काम त्यांच्याकडे दिले होते. घराचा निर्वाह त्या एका गाडीवर चाले; त्यामुळे त्या "बगू"ने माझा जीव टांगणीला लागे.

काम झाले त्या दिवशी मी नारळ घेऊन गेलो. त्यांनी तो फोडू दिला नाही. "आजोबा, आदी घाट करून येऊ."

मिस्त्री चालवायला बसले, मी आणि चिरंजीव मागे; बोरघाट गाडी विनातक्रार चढली. शिंगरोबाच्या देवळापाशी मी पुन्हा नारळ काढला. त्यांनी भक्तिभावाने हात जोडले; पण म्हणाले, "उतरून बगू."

उतारावर ब्रेक दाबताच गाडी दरीकडे ओढ घेऊ लागली. मी नामस्मरण करीत होतो. ते स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून, सावकाश खाली आले.

पायथ्याशी चिरंजीव म्हणाले, "किरकोळच आहे ना? उद्या लग्नाचं भाडं आहे."

"नाय. हे इंजिन जड हाय, पुढचा भार ब्रेकला पेलत नाय. गाडी देनार नाय."

"बाकीचे गॅरेजवाले अशीच देतात!"

"मंग त्यांच्याकडं ने. माज्या हातनं नवरी दरीत जायाची नाय रं, बाबा."

त्यांच्याकडून मिळालेले ते पहिलेच निःसंदिग्ध उत्तर. नारळ पिशवीत ठेवीत मी चिरंजीवांना म्हणालो, "गाडी यांच्याकडेच राहू दे."