बाबांच्या रक्ताची नळी

रक्त देऊन झाल्यावर बाबा बाहीचं बटण लावायला लागले. पार्किन्सन्समुळे त्यांची बोटं थरथरतात. बटण काजापाशी जायचं आणि निसटायचं. त्यांची पिशवी सावरत मी पुढे झाले तर म्हणाले, "राहू दे, मी लावतो."

रक्त संशोधनासाठी होतं. "पेशी मरताना त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात सुटतात, ते आम्ही शोधतोय," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"सापडले तर हात थांबेल?" बाबांनी विचारलं होतं.

"नाही काका. आजार थोडा समजेल कदाचित."

माणूस असा आतल्या आत, आवाज न करता सुटत जातो आणि आपण त्याची पिशवी धरून शेजारी उभे असतो.

समोरच्या स्टँडमध्ये त्यांच्या रक्ताची नळी होती. बाबांचं काही इतकं स्थिर मी कितीतरी महिन्यांनी पाहत होते.