सव्वा सूत वाकडं

रुद्रय्याला उद्यमनगरात सगळे हेकट म्हणायचे. मीही म्हणायचो. बारा वर्षं शेजारी काम केलंय, मी लेथवर आणि तो फिटर, तेवढा हक्क मला आहे.

सत्त्याण्णव साली आमच्या सयाजी मालकांनी एका संशोधन संस्थेचं काम घेतलं. आकाशातल्या रेडिओ लहरी गोळा करणारी बारा मीटरची तबकडी. मागे लोखंडी सांगाडा, पुढे पत्रे, मध्ये शेकडो बोल्ट. बोल्ट पिळून पत्र्यांना नेमका बाक द्यायचा. बाक चुकला की लहरी एका ठिकाणी येत नाहीत आणि एवढं लोखंड भंगारात जातं. बोल्ट पिळले रुद्रय्यानं.

कारखान्याच्या तपासनिसानं तबकडी आभाळाकडे तोंड करून झोपवली आणि पातळी बघायच्या पाण्याच्या नळीनं मोजली. आमच्याकडे सगळं असंच मोजतात, कारण आडव्या वस्तूवर नळी सोपी पडते. उभी केल्यावर वर येणारी कड सव्वा सूत, म्हणजे चारेक मिलिमीटर, बाहेर निघाली, खाली जाणारी तेवढीच आत. तपासणीच्या कार्डावर 'नापास' पडलं.

"हे काय केलंस?" मालकांनी विचारलं.

"मुद्दाम केलंय," रुद्रय्या म्हणाला. "गडहिंग्लजकडं गुऱ्हाळावर रस आटवायच्या काहिली मी दुरुस्त केल्यात. काहील झोपलेली असती तवर गोल. गूळ वताय तिरकी केली की वरचा काठ आत येतोय, खालचा पसरतोय. ही ताटली तर जल्मभर तिरकीच ऱ्हाणार हाय. आत्ता वाकडी ठेवली तरच तितं सरळ हुईल."

तपासनीस हसला. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

"सरळ कर, न्हायतर उद्यापास्नं येऊ नगंस," मालक म्हणाले.

घरी दोन मुली होत्या, दुसरी मिळकत नव्हती. तरी रुद्रय्यानं पाना फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला. "माझ्या हातनं चूक हुणार न्हाय," एवढंच बोलला आणि गेला. दुसऱ्या दिवशी बरोबर आठला डबा घेऊन फाटकाबाहेरच्या दगडावर येऊन बसला. पाचला उठला. असं चार दिवस.

मालकांनी मला बोल्ट सरळ करायला सांगितलं. शिडीवर चढलो, फाटकाकडे बघितलं आणि उतरलो. "मला जमत न्हाय," म्हणालो. धडधडीत खोटं होतं.

पाचव्या दिवशी संस्थेच्या इंजिनिअर विद्याश्रीबाई आल्या. कार्ड बघून त्यांनी एकच विचारलं, "मोजताना तबकडी कुठल्या कोनात होती?" मग क्रेननं तबकडी कामाच्या कोनात तिरकी उभी केली. बाईंनी दुर्बिणीच्या यंत्रानं दुपारपर्यंत कड मोजली. वरची जागेवर, खालचीही जागेवर.

"हे बोल्ट कुणी लावले?"

मालकांनी मान खाली घालून फाटकाकडे बोट केलं आणि मला म्हणाले, "बोलीव त्याला."

मी गेलो. रुद्रय्या दगडावरून हलला नाही. "ज्यानं भाईर काढलंय त्यानं यावं."

मालक स्वतः गेले. सगळा कारखाना बघत होता. रुद्रय्या आत आला, तेव्हा मालक घाईघाईनं कार्डावरचं 'नापास' खोडायला निघाले. यानं त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. झोपवून मोजली तर नापासच हाय की. खाली लिवा, उभी केल्यावर पास."

मालकांनी लिहिलं. रुद्रय्यानं ते दोनदा वाचलं आणि मगच पिशवीतून पाना काढला.