शैलाताईंची चिप, नितेशचा बोर्ड

अकोल्याच्या जठारपेठेतल्या शैलाताई पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्या आणि घरीच चिप करायला लागल्या, तेव्हा शेजारणी बटाट्याचा भाव विचारून गेल्या. ताईंची चिप मात्र शेतातल्या मोटरपंपाची. कोऱ्या चिपमध्ये त्या स्वतः लिहिलेला प्रोग्राम भरत; मग शेतकऱ्याने घरून मिस्ड कॉल दिला की पंप सुरू. ही चिप बसवायचा मदरबोर्ड अमरावतीचा नितेश बनवायचा. ताईंचा जुना विद्यार्थी आणि एकुलतं एक गिऱ्हाईक.

घोळ एवढाच झाला, की चिपवर ताईंनी हौसेने आपला फोन नंबर चिकटवला. त्यामुळे नितेशचा बोर्ड जळला की शेतकरी ताईंच्या दारात. तेल्हाऱ्याच्या मनकर्णाबाईंनी तर जळून काळा पडलेला तिसरा बोर्ड टेबलावर आपटला.

“चिप चांगली हाय म्हनता, मंग बोर्ड बी तुमीच काहून नाई बनवत? मदर म्हंजे मायच ना? लेकरू तुमचं अन् माय दुसऱ्याची, असं कुठं असते का?”

ताईंना ते झोंबलं. पण स्वतःचा बोर्ड काढला तर नितेश चिप घेणं बंद करील, आणि उतारवयात उभा केलेला धंदा बसेल. शिवाय कोणी विचारत नव्हतं तेव्हा त्यानेच पहिल्या दहा चिप घेतल्या होत्या. तरी ताईंनी त्याला चोरून दोन महिने खपून एक देखणा बोर्ड बनवलाच, आणि थेट मनकर्णाबाईंच्या शेतात नेऊन बसवला. लाईन आली, मोटर घुरघुरली आणि बोर्डातून धूर निघाला.

पेटी तपासली, तर फ्यूजच्या जागी तांब्याची चांगली जाडजूड तार; जादा करंट अडवायला काहीच नाही.

“फ्यूज रोजच उडे,” मनकर्णाबाई शांतपणे म्हणाल्या. “हे तार लावली तवापासून एकडाव बी नाई उडली.”

ताईंना हसू आवरेना, आणि लाजही वाटली. नितेशच्या बोर्डांना उगाच बोल लावला होता. त्यांनी बांधावरूनच त्याला फोन लावून सगळं कबूल केलं.



“मॅडम, रागावू नका,” नितेश म्हणाला. “मी बी तुमाले चोरून सहा महिन्यांपासून चिप बनवून राहिलो. काल वावरात लावून पायली. मोटर सुरू तं झाली, पन बंदच होऊन नाई राहिली. पुरं वावर तळं झालं. सोमवारी पन्नास चिप पाठवता का?”

“शंभर पाठवते,” ताई म्हणाल्या. “बोर्ड तूच कर, बाबा. पण आधी जाऊन त्या मोटरीची लाईन काढ.”