मुक्या प्लांटला मी बोलतं केलं

चूक मामाची. हे आधीच सांगून टाकतो, कारण शेवटपर्यंत ऐकलंत की तुम्हीही माझ्याकडंच बोट दाखवाल. आजवर सगळ्यांनी तेच केलंय.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. आमच्या हिंगोलीकडच्या एका मोठ्या दवाखान्यात देखभालीचा मुख्य. नावाला! खरं काम एकच, संस्थेच्या अध्यक्षांच्या मागं फिरायचं आणि ते हसले की हसायचं. मी पॉलिटेक्निक अर्ध्यात सोडलं तेव्हा यानंच मला दवाखान्याच्या प्लांटवर चिकटवलं, राहायला आपल्या घरी ठेवलं. तो उपकार रोज भाकरीबरोबर ताटात वाढायचा. वरणात मीठ कमी पडेल, टोमणा कमी पडायचा नाही.

आता प्लांट म्हणजे काय ते ऐका. आवाराच्या मागच्या अंगाला एकच इमारत. सगळ्या दवाखान्याची वीज, वाफ, गरम पाणी, गारवा तिथूनच जातो. पूर्वी प्रत्येक इमारतीला वेगळं जनरेटर, वेगळा बॉयलर आणि वर काळा धूर. नव्या प्लांटात इंजिनाची गरमीसुद्धा वाया जात नाही, तिच्यावरच वार्डातलं आंघोळीचं पाणी तापतं. लागतील तेवढ्याच मशिनी चालतात, बाकीच्या झोपतात. धूर नाही. आवाज तर जवळजवळ नाहीच.

आणि इथंच मामाचं डोकं फिरलं.

"काहून रे, बंद पडला का?"

"चालू हाय मामा."

"मग आवाज काहून न्हाई?"

"चांगला हाय म्हणून न्हाई."

"लेका, आमच्या जुन्या बॉयलरचा धूर पार औंढ्याच्या रस्त्यावरून दिसायचा! त्याला म्हणतात मशीन. हे काय, मयतासारखं पडून राहिलंय."

या पिढीचं सगळं असंच. आवाज झाला म्हणजे काम झालं. घरात ओरडतात, सभेत ओरडतात, भोंगे लावून देवाच्याही कानात ओरडतात. गप्प राहून काम करणारं काही दिसलं की यांना ते ऐतखाऊ वाटतं. माझ्याबद्दलही मामाचं हेच मत होतं.

पौषातल्या कडाक्याच्या थंडीत प्लांटच्या वर्षपूर्तीचा कार्यक्रम ठरला. त्यातच अध्यक्ष मला कायम केल्याचं पत्र देणार होते. कायम झालो की आवारातली एक खोली मिळणार. म्हणजे मामाच्या घरातून सुटका! स्वतःच्या खोलीत बसून, कुणाचं काही न ऐकता भाकरी खायची. एवढंच मागणं होतं हो माझं. फार होतं का?

कार्यक्रमाच्या सकाळी मामा धापा टाकत आला. "साहेब मांडवात बसणार. तिथवर आवाज आला पाहिजे. वर धूर दिसला पाहिजे. समदं लाव!"

"मामा, या थंडीत गारव्याच्या मशिनी कशाला?"

"साहेबाला काय समजतं त्यातलं? आवाज आला की ते खूश. अन् तू मला शिकवू नको. कालेजातून पळून आलेलं पोरगं तू!"

बस्स! माझ्या डोक्यात तिडीक गेली. आवाज पाहिजे? घ्या!

गारव्याची मशीन लावली, पंप लावले, छतावरचे मोठे पंखे लावले. वर वाफेचे लोट. खाली असा दणदणाट, की लिंबावरचे बगळे उडून गेले. पण तयार झालेला गारवा कुठंतरी सोडावा लागतो ना? वार्डात सोडला तर पेशंट गारठून जातील. ऑपरेशन थिएटरची लाइन वेगळी, तिला हात लावायचा प्रश्नच नाही. सभागृह तेवढं रिकामं. कार्यक्रम तर मांडवात! सगळा गारवा सभागृहात सोडला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन बसलो.

मला काय माहीत, की मांडवात वारं झोंबतंय म्हणून अध्यक्षांनी सगळी मंडळी उचलून सभागृहात नेऊन बसवली! मामाला माहीत होतं. पण भाच्याला कोण सांगतं? भाच्याला फक्त हुकूम सोडायचे.

फोन आला. मामा. ऐकू काय येणार, कपाळ? त्यानंच मागवलेला दणदणाट होता तो! मीच ओरडलो, "व्हय मामा, बराबर चालू हाय!" आणि ठेवला.

थोड्या वेळानं लांब सभागृहाच्या दारात मामा दिसला. दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवत होता. म्हटलं, जन्मात पहिल्यांदा खूश झाला गडी! मीही हात हलवला. आणि राहिलेली दुसरी मशीनही लावली.

मग तो डोक्याला शाल गुंडाळून पळत आला. "बंद कर, मुडद्या! आत साहेब काकडून राहिले!"

सगळं बंद करून आत गेलो. काय ते दृश्य! मंचावरच्या पाहुण्यांनी सत्काराच्या शाली स्वतःच ओढून घेतलेल्या. अध्यक्षांनी तर दोन. भाषण कसलं, माइकवर नुसते दात वाजत होते. पहिल्या रांगेत सेनगावकडची एक म्हातारी पेशंट सुनेवर डाफरत होती, "इथं बरं करायला आनलंस, का बर्फात घालायला?"

मामा अध्यक्षांपुढं वाकला. "साहेब, पोरगं अडाणी हाय. मी तर याला नकोच म्हणत होतो."

मी गप्प राहायला हवं होतं. दोन मिनिटं! प्लांट वर्षभर गप्प राहिला, मला दोन मिनिटं जमलं नाही. माइक चालू आहे हे दिसत असताना बोललो, "मामा, तुमीच म्हणाला ना, साहेबाला काय समजत न्हाई, नुसता आवाज पाहिजे म्हणून?"

सभागृहात आता कुठं खरी थंडी पडली!

अध्यक्षांनी शाल सावरली. माझ्याकडं पाहिलं, मग मामाकडं. म्हणाले, "प्लांट चांगला आहे. चालू ठेवा. याला तेवढं बंद करा."

पत्र त्यांच्या खिशातच राहिलं. खोली दुसऱ्या पोराला मिळाली. मामाची नोकरी शाबूत आहे. माझी गेली, आणि मी अजून मामाच्याच घरी राहतो.