कोंबड्यांना शिकवलेला धडा

आमच्या घरामागे चार कोंबड्या आहेत आणि त्या चौघींना घरात माझ्यापेक्षा जास्त मान आहे. (त्या निदान अंडी तरी देतात, असं माझी बायको मार्था म्हणते.) पण त्या महिन्यात अंड्यांचं कवच इतकं पातळ झालं, की उचलायला जावं तर बोट थेट बलकात.

आणि नेमक्या त्याच महिन्यात, एका रविवारी लेकीच्या होणाऱ्या सासूबाई पहिल्यांदा आमच्या गावी, पापडीला येणार होत्या. "केक घरच्या अंड्यांचा असेल, असं मी फोनवर सांगून बसलेय," मार्था म्हणाली. "आठ अंडी धड हवीत. तुम्ही सायन्सचे मास्तर ना? करा काहीतरी."

दारावर मासे घेऊन येणाऱ्या कोळीणमावशींनी उपाय सांगितला. "फुटल्या अंड्यांची कवचं भाजा, बारीक कुटा आनि दान्यात मिसळा. अख्खी नका घालू हां, नायतर..."

"मावशी, कॅल्शियम मला शिकवू नका," मी म्हणालो आणि दहा मिनिटं मीच त्यांना (आणि टोपलीतल्या बोंबलांना) कॅल्शियम शिकवलं.

कुटायचा मात्र कंटाळा आला. कोंबडीच्या पोटात दळायची सोय असतेच, मग आपला मिक्सर कशाला खराब करा? मी अर्धीअर्धी कवचं तशीच टाकली. चौघी तुटून पडल्या. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून अंडीच गायब. "मुंगूस," मी निदान केलं आणि खुराड्याला दुहेरी जाळी मारली. शनिवारीही खुराडं रिकामं. शेवटी मार्थानं दुकानातून अंडी आणली आणि माझ्याशी बोलणं सोडलं.

रविवारी विहीणबाईंनी केकचा दुसरा तुकडा उचलला. "घरच्या अंड्यांची चवच वेगळी. कोंबड्या बघू या ना."

आम्ही अडवेपर्यंत त्या मागच्या दारी पोचल्या होत्या. तांबडी कोंबडी नुकतीच अंडं घालून उठली, वळली आणि चोच मारून तेच खायला लागली! बाकीच्या तिघी जेवायला धावल्या.

विहीणबाईंनी कोंबड्यांकडे पाहिलं, मग हातातल्या केककडे. "मग ही अंडी?"

"दुकानातली," मार्था पडेल आवाजात म्हणाली.

त्या खो खो हसत सुटल्या. "मग सांगूनच टाकते. मी आणलेलं घरचं लोणचंही दुकानातलंच आहे."

सोयरीक वाचली. सोमवारी कोळीणमावशी म्हणाल्या, "अख्खं कवच दावलं की त्यांना कळतं, आत काय असतं ते. तेच सांगत होते, पन तुमचं कॅल्शियम संपंना."

तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. एकदा दाखवलेलं कायमचं लक्षात ठेवणारे विद्यार्थी मला यंदा पहिल्यांदाच मिळाले.